बाबागाडीतून व्हिएन्ना : तान्ह्या बाळासह शहर कसे पाहावे

आमची मुलगी दहा महिन्यांची असताना आम्ही तिला घेऊन व्हिएन्नात आठ दिवस राहिलो. त्याआधी आम्ही पाहण्याच्या ठिकाणांची मोठी यादी केली होती, आणि ती यादी तिसऱ्या दिवशी बाजूला ठेवल्यावरच आमची सहल खऱ्या अर्थाने सुरू झाली. तान्ह्या बाळाबरोबर शहर पाहताना दिवसाची आखणी स्थळांच्या कीर्तीवरून करून चालत नाही. बाळाच्या दिवसातल्या दोन झोपा कधी आणि कुठे होणार, आणि तिथवर बाबागाडी पायऱ्यांशिवाय कशी पोहोचणार, या दोन प्रश्नांपासून ती सुरू करावी लागते. व्हिएन्ना या बाबतीत युरोपातील अतिशय सोयीचे शहर आहे, पण तिथल्या सोयी कुठे आहेत आणि कुठे संपतात हे आधी ठाऊक असले तरच त्यांचा उपयोग होतो.

निघण्यापूर्वी

बाळ कितीही लहान असले तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा, लागतो. सहा वर्षांखालील मुलांना व्हिसाचे शुल्क नसते आणि बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेतले जात नाहीत, परंतु अर्ज, छायाचित्र आणि किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बाळाच्या नावानेही द्यावा लागतो. आपल्याकडे जन्माची नोंद रुग्णालयातून होते तेव्हा अनेकदा बारसे झालेले नसते, त्यामुळे जन्म दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा मोकळी राहते. ते नाव नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत नोंदवून घेतल्याखेरीज पासपोर्टचे काम पुढे सरकत नाही. प्रवास ठरताच हे काम पहिल्यांदा हाती घ्यावे. आई किंवा वडील यांपैकी एकच जण बाळाबरोबर जाणार असेल, तर दुसऱ्याचे लेखी संमतिपत्रही तयार ठेवावे.

बाबागाडी निवडताना बहुतेक जण तिचे वजन आणि घडी पाहतात. मी चाके आधी पाहण्याचा आग्रह धरीन. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावणाऱ्या गाड्यांची चाके फार लहान असतात, आणि व्हिएन्नाच्या जुन्या गल्ल्यांतील दगडी फरसबंदीवर किंवा राजवाड्यांच्या बागांतील खडीच्या वाटांवर ती रुततात. मध्यम आकाराची चाके, पूर्ण आडवी होणारी पाठ, पक्का ब्रेक आणि 60 सेंटिमीटरच्या आसपासची रुंदी, अशी गाडी या शहरासाठी योग्य ठरते. पाठ आडवी होणे ही चैनीची बाब नाही, कारण दिवसातील निदान एक झोप गाडीतच होणार असते. पावसाचे पारदर्शक आवरण सोबत घ्यावे. त्याशिवाय बाळाला छातीशी बांधण्याची झोळी, म्हणजे बेबी कॅरिअर, हवीच. ती का, ते पुढे येईल. बहुतेक विमान कंपन्या बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात, पण उतरल्यावर ती दाराशी मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर, हे आधी विचारून घ्यावे, आणि मधल्या विमानतळावर विमान बदलायचे असेल तर तिथल्या वेळेपुरते बाळ झोळीत राहील असे धरून चालावे.

खाण्याच्या बाबतीत एक नियम आपल्या घरांत सहसा माहीत नसतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत, त्यामुळे आजीने प्रेमाने दिलेली घरच्या साजूक तुपाची बरणीही चालत नाही. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाळाचे अन्न यांना मात्र सूट आहे : ते शीतकपाटाविना टिकणारे, कंपनीच्या मूळ वेष्टनातील आणि वापरात नसेल तर न उघडलेले असावे, आणि एकूण दोन किलोंपर्यंत असावे. दूध पावडर न घातलेले नाचणीचे सत्त्व नेण्यास यामुळे अडचण येत नाही. तूप तिथेच करता येते. ऑस्ट्रियात ‘टेबुटर’ या नावाने मिळणारे उत्तम प्रतीचे लोणी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे कढवले की खिमटावर घालण्यापुरते सुरेख तूप तयार होते.

राहण्याची जागा : पहिला मजला म्हणजे नेमका कितवा?

या मुद्द्यावर मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे, कारण आमची सर्वांत मोठी चूक इथेच झाली. व्हिएन्नातील भाड्याने मिळणाऱ्या सदनिकांपैकी पुष्कळशा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्याच्या आरंभीच्या इमारतींत आहेत. या इमारतींत तळमजल्यानंतर ‘होखपार्टेर’ नावाचा उंचावलेला तळमजला आणि कधी कधी त्यावर ‘मेत्सानिन’ नावाचा मधला मजला असतो, आणि पहिला मजला त्यानंतर मोजला जातो. आम्ही जाहिरातीत ‘पहिला मजला’ वाचून लिफ्टची चौकशी केली नाही, आणि प्रत्यक्षात झोपलेल्या मुलीसह बाबागाडी आठ दिवस तीन जिने वर-खाली वाहिली.

‘लिफ्ट आहे’ एवढे उत्तरही पुरेसे नसते. जुन्या इमारतींत लिफ्ट नंतर बसवलेली असल्यामुळे ती पुष्कळदा रस्त्याच्या पातळीवर सुरू न होता सात-आठ पायऱ्या चढून गेल्यावर, किंवा दोन मजल्यांमधल्या जिन्याच्या वळणावर थांबते, आणि तिचे दार इतके अरुंद असते की रुंद गाडी आत शिरत नाही. म्हणून घरमालकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, लिफ्टच्या दाराची रुंदी किती सेंटिमीटर आहे, आणि लिफ्टमधून उतरल्यावर घराच्या दारापर्यंत पुन्हा पायऱ्या आहेत का. बाबागाडी रात्री खाली जिन्याजवळ ठेवण्याचा विचार असेल तर तेही विचारावे. आगीच्या वेळी वाट अडू नये म्हणून बहुतेक इमारतींत जिन्यात वस्तू ठेवू देत नाहीत. उन्हाळ्यात जाणार असाल तर हेही ध्यानात घ्यावे की जुन्या घरांत वातानुकूलन क्वचितच असते आणि तापमान 30 अंशांच्या वर जाते. अंगणाच्या बाजूची खोली त्यामानाने थंड आणि शांत मिळते.

जागा शहराच्या अगदी मध्यभागी असण्यापेक्षा यू-बान, म्हणजे मेट्रोच्या स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर आणि एखाद्या बागेजवळ असणे अधिक मोलाचे आहे.

विमानतळ, मेट्रो आणि ट्राम

श्वेखाट येथील विमानतळावरून मुख्य रेल्वे स्थानकाला जाणारी रेलजेट गाडी सुमारे पंधरा मिनिटांत पोहोचते, परंतु तिच्या डब्याच्या दाराशी पायऱ्या आहेत, त्यामुळे बाबागाडी दोघांनी उचलावी लागते. एस 7 ही उपनगरी गाडी थोडा अधिक वेळ घेऊन वीन मिट्टे स्थानकाला येते, आणि तिचे नव्या पद्धतीचे डबे फलाटाशी जवळजवळ समपातळीत असतात. सामान, बाळ आणि जागरण अशा अवस्थेत ती दहा मिनिटे खर्च करण्यासारखी आहेत. टॅक्सीने जायचे असेल तर बाळाचे आसन असलेली गाडी आधी नोंदवावी. ऐन वेळी ती मिळेल असे धरू नये.

शहरात सहा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही आणि बाबागाडीलाही नाही. स्थानकांवर फाटके नसतात. तिकीट निळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो, आणि तो नसेल तर तपासनीस खरेदी केलेले तिकीटही ग्राह्य धरत नाहीत. यू-बानच्या सर्व स्थानकांवर लिफ्ट आहेत, आणि बाबागाडीवाल्या प्रवाशासाठी या शहराचा हा सर्वांत मोठा गुण म्हटला पाहिजे. तरीही लिफ्ट प्रत्येक प्रवेशद्वाराशी नसते. कार्ल्सप्लात्ससारख्या विस्तीर्ण स्थानकात, जिथे तीन मार्ग एकत्र येतात, चुकीच्या टोकाला उतरले तर लिफ्ट शोधण्यात दहा मिनिटे सहज जातात. म्हणून गाडीतून उतरताच पाट्यांवरील लिफ्टचे चिन्ह शोधावे आणि ज्या दिशेला ते असेल तिकडेच जावे, मग आपल्याला हवा असलेला रस्ता दुसऱ्या बाजूला का असेना. वाहतूक सेवेच्या ‘वीनमोबिल’ या अॅपवर बंद असलेल्या लिफ्टची माहिती मिळते, ती घरातून निघताना पाहण्याची सवय लावून घ्यावी. सरकत्या जिन्यावर बाबागाडी नेण्यास मनाई आहे. काही स्थानिक पालक ती नेताना दिसतील. त्यांचे अनुकरण कृपया करू नये.

ट्राममधून शहर अधिक चांगले दिसते. ‘उल्फ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रामची जमीन रस्त्यापासून 20 सेंटिमीटरपेक्षाही कमी उंचीवर असते, त्यामुळे फलाटावरून गाडी नुसती ढकलत आत नेता येते. ज्या दारावर बाबागाडीचे चित्र आहे त्याच दाराने चढावे आणि त्याच चित्राचे बटण दाबावे. उतरण्यापूर्वीही तेच बटण दाबले की आपल्याला थोडा जास्त वेळ हवा आहे हे चालकाला कळते. आत गेल्यावर बाळाची पाठ प्रवासाच्या दिशेकडे येईल अशा रीतीने गाडी ठेवावी, ब्रेक लावावा आणि तरीही एक हात गाडीवर ठेवावा, कारण ट्राम अचानक थांबते. एका दाराशी आधीच दोन गाड्या उभ्या असतील तर पुढच्या ट्रामची वाट पाहणे शहाणपणाचे असते.

रस्त्यावर दोन गोष्टींची काळजी घ्यावी. ट्रामचे रूळ ओलांडताना गाडी रुळांशी काटकोनात न्यावी, कारण तिरके गेल्यास पुढचे चाक रुळाच्या खाचेत अडकते. आणि जुन्या शहराभोवतीच्या रिंगश्ट्रासे या रुंद रस्त्याच्या कडेने पदपथालगतच सायकलींचा मार्ग आहे. तो मोकळा आणि गुळगुळीत दिसतो म्हणून त्यावर बाबागाडी आणू नये.

घड्याळ

व्हिएन्नाची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी आणि हिवाळ्यात साडेचार तासांनी मागे असते. घरी सकाळी साडेसहाला उठणारे बाळ तिथे उन्हाळ्यात पहाटे तीनला डोळे उघडते आणि संध्याकाळी पाचलाच पेंगू लागते. त्याला एका दिवसात स्थानिक वेळेवर आणण्याचा खटाटोप करू नये. रोज तासाभराने सरकवत पहाटे पाचचे उठणे आणि संध्याकाळी सातची झोप इथवर आणले की पुरे, आणि तिथे थांबावे. आठ दिवसांच्या सहलीत हेच वेळापत्रक सर्वांत फायद्याचे ठरते, कारण श्योनब्रुन राजवाड्याची बाग सकाळी साडेसहाला उघडते, बेकऱ्या त्याच सुमारास ताजे पाव मांडू लागतात, आणि नऊपर्यंत शहरातली गर्दी नसलेली वेळ आपल्या वाट्याला येते. उन्हाळ्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे खोलीला गडद पडदे आहेत का ते पाहावे, किंवा घरून एखादी गडद चादर न्यावी.

कुठे जावे आणि कसे

पहिल्या सकाळी प्राटर या विस्तीर्ण उद्यानातील ‘हाउप्टआले’वर जावे, असे मी आग्रहाने सुचवते. प्राटरश्टेर्न स्थानकाजवळून निघणारा हा सुमारे साडेचार किलोमीटरचा सरळ, सपाट, डांबरी रस्ता आहे, दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडे आहेत आणि त्यावर मोटारी येत नाहीत. 12 ऑक्टोबर 2019 रोजी एलिउड किपचोगे यांनी मॅरेथॉनचे अंतर एक तास एकोणसाठ मिनिटे चाळीस सेकंदांत धावून पूर्ण केले ते मुख्यतः याच रस्त्यावर. इतक्या सपाट रस्त्यावर बाबागाडीतले बाळ किती गाढ झोपते ते तिथेच अनुभवावे. झोप झाल्यावर परत येताना 1897 साली उभारलेले प्रचंड चक्र, रीझेनराड, दिसतेच.

श्योनब्रुनसाठी अर्धा दिवस ठेवावा, पण त्याचे दोन भाग वेगळे करावेत. बागेत प्रवेश विनामूल्य आहे आणि बाबागाडी सर्वत्र नेता येते, मात्र वाटा खडीच्या असल्याने हात भरून येतात. टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत नागमोडी चढाची वाट आहे; दोघांनी आळीपाळीने ढकलत गेले तर ती कठीण नाही, आणि वरून राजवाड्यामागे पसरलेले सारे शहर दिसते. राजवाड्याच्या दालनांत मात्र बाबागाडी नेता येत नाही, ती बाहेर ठेवावी लागते. झोळी हवीच असे मी वर म्हटले ते यासाठी. दालने साडेआठला उघडतात, तेव्हा पहिल्याच वेळेचे तिकीट घ्यावे, बाळाला पाजून, ढेकर काढून छातीशी बांधावे आणि छोट्या फेरीवर समाधान मानावे. बागेतच 1752 साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय आहे, जे आज चालू असलेल्या प्राणिसंग्रहालयांत जगातील सर्वांत जुने मानले जाते. दहा महिन्यांच्या बाळाला हत्ती कळतो, पोहणारे पेंग्विन कळतात, आणि त्याखेरीज फारसे काही कळण्याची गरजही नसते. तिथे जायचे असेल तर श्योनब्रुनऐवजी पुढच्या हीत्सिंग स्थानकावर उतरल्यास चालणे कमी होते.

संग्रहालयांना घाबरू नये. ऑस्ट्रियाच्या केंद्रीय संग्रहालयांत 19 वर्षांखालील सर्वांना प्रवेश विनामूल्य आहे. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे कलेतिहासाचे संग्रहालय, आणि त्याच्या समोरचे नैसर्गिक इतिहासाचे म्युझियम या दोन्ही इमारतींच्या मुख्य दाराशी पायऱ्या आहेत. पायऱ्यांशिवायचे प्रवेशद्वार बुर्गरिंग या रस्त्याच्या बाजूला आहे, तिकडे वळावे. पाठीवर बाळ बांधून आत जाऊ देत नाहीत, पुढे बांधलेले चालते. मी कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये मुलगी झोपल्यावर गेले आणि पीटर ब्रॉयगेलच्या चित्रांच्या एकाच दालनात पाऊण तास बसले. बाळ झोपलेले असताना एक दालन नीट पाहणे हे जागे असताना दहा दालने पळत पाहण्यापेक्षा कितीतरी चांगले. पावसाच्या दिवशी म्युझियम्सक्वार्टीअर या संग्रहालय-संकुलातील त्सूम बालसंग्रहालयाचा ‘ओशन’ विभाग उपयोगी पडतो. तो आठ महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, रांगण्यासाठी तिथे मऊ जागा आहे, आणि वेळ आधी नोंदवावी लागते.

जुन्या शहरात ग्राबेन आणि केर्न्टनरश्ट्रासे हे पादचाऱ्यांचे रस्ते गुळगुळीत आहेत, तर त्यांच्या मागच्या श्योनलाटेर्नगासेसारख्या गल्ल्या गोलसर दगडांच्या आहेत. त्या फार सुंदर आहेत. झोपलेले बाळ घेऊन त्यांत शिरू नये एवढेच. श्टेफान्सडोम या मुख्य चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत, तिथे पालकांनी आळीपाळीने जावे. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे.

खाणे, डायपर आणि रविवार

व्हिएन्नाच्या नळाचे पाणी आल्प्सच्या झऱ्यांतून येते. त्यासाठीची पहिली जलवाहिनी 1873 साली सुरू झाली, आणि ते पाणी निर्धास्त पिता येते. बाळाच्या दुधासाठी मात्र घरच्याप्रमाणेच उकळून घ्यावे. कॉफीगृहांत बाळाला घेऊन निःसंकोच बसावे, तिथे अंगावर पाजणाऱ्या आया नेहमी दिसतात. 1 नोव्हेंबर 2019 पासून उपाहारगृहांत धूम्रपानास बंदी असल्याने हवाही स्वच्छ असते. उंच खुर्चीला ‘होखश्टूल’ आणि डायपर बदलण्याच्या खोलीला ‘विकेलराउम’ म्हणतात. हे दोन शब्द पाठ करावेत. ‘ग्रीसकोख’ ही रव्याची दुधातली लापशी बाळांना मानवते, पण ती गाईच्या दुधात असते, त्यामुळे एक वर्षाखालील बाळासाठी ती जेवण म्हणून धरू नये. शाकाहारी पालकांनी सूप मागवताना विचारून घ्यावे, कारण तिथली बहुतेक पातळ सूपे गोमांसाच्या रसाची असतात.

डायपर, पुसण्या आणि बाळाचे तयार अन्न ‘डीएम’ आणि ‘बिपा’ या साखळी दुकानांत मिळते. डीएमच्या अनेक दुकानांत बाळाला बदलण्याचे टेबल असते आणि त्यावर डायपरही ठेवलेले असतात. रविवारी मात्र जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी सहाला मिटतात. मुख्य रेल्वे स्थानक, वीन मिट्टे आणि प्राटरश्टेर्न येथील काही दुकाने रविवारी उघडी असतात, पण तिथली गर्दी पाहता शनिवारी दुपारीच खरेदी उरकावी.

थंडीच्या दिवसांत एक अनुभव तुम्हालाही येईल. ट्राममध्ये शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी आमच्या मुलीचे उघडे डोके पाहून मला टोपीबद्दल जे काही ऐकवले, ते शब्द मला कळले नाहीत, पण स्वर अगदी माझ्या सासूबाईंचा होता. कानटोपी खिशात ठेवावी. उन्हाळ्यात याच्या उलट चूक होते : ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटे पसरले जाते आणि आतली हवा झपाट्याने तापते. सावली छत्रीने करावी, कापड कधीही पूर्ण टाकू नये.

बाळ आजारी पडल्यास

औषधाच्या दुकानाबाहेर लाल रंगातले ‘ए’ अक्षर असते. रात्री आणि रविवारी पाळीने उघड्या असणाऱ्या दुकानांचा पत्ता प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो. तापाचे औषध घरूनच न्यावे आणि त्याचा डोस बाळाच्या वजनाप्रमाणे मिलिग्रॅममध्ये डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, कारण तिथल्या पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाची तीव्रता आपल्याकडील थेंबांपेक्षा वेगळी असते आणि ‘इतके मिलिलिटर’ ही घरची सवय तिथे धोक्याची ठरू शकते. तातडी नसलेल्या सल्ल्यासाठी 1450, रुग्णवाहिकेसाठी 144 आणि कोणत्याही संकटासाठी 112 हे क्रमांक आहेत. ते फोनमध्ये तर ठेवावेतच, पण राहत्या घराच्या पूर्ण पत्त्यासह कागदावर लिहून बाबागाडीच्या खिशातही ठेवावेत. पत्त्यात घरक्रमांकानंतर जिना आणि दार यांचे आकडे तिरप्या रेघा देऊन लिहिलेले असतात. फोनवर सांगताना ते सगळे सांगावेत, म्हणजे येणारा माणूस थेट तुमच्या दाराशी पोहोचेल.